ताईचा फेडर

५ फेब्रुवारी, गुरुवार

ताईचा कार्यक्रम. अठ्ठावीसला, आमच्याच सभागृहात. आणि मला हे कळलं कुणाकडून — तर व्यवस्थापकांकडून! सकाळी मोडक्या खुर्च्या मोजत होते, मोजता मोजताच म्हणाले, “तुमच्या भगिनींचं आहे हो अठ्ठावीसला. तुम्हाला माहीत असेलच म्हणा.” मी म्हटलं, हो हो. दुसरं काय म्हणणार.

घशाचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली तिच्या. या दोन वर्षांत साधं गुणगुणलेलंही मी ऐकलं नाही. आणि आता एकदम तिकीट लावून दोन तास गाणार. संध्याकाळी फोन केला. “अगं, सांगणारच होते,” म्हणाली. “तू काय, तिथेच असतेस.”

तिथेच असते. खुर्च्याही तिथेच असतात. पडदाही तिथेच असतो.

घरात माझं वर्णन पहिल्यापासून एकच — ताई गाते आणि ही सभागृहात आवाजाची बटणं दाबते. आईच्या मैत्रिणींना तर ‘मिक्सर चालवते’ म्हटल्यावर मी स्वयंपाकघरातली यंत्रं दुरुस्त करते असं वाटतं. एकीनं पिशवीत घालून आणलाही होता मागे. मी दुरुस्त करून दिला, वाद कोण घालणार.

आवाज परत आलाय का, हे फोनवर विचारायचं राहिलं. राहिलं कसलं, धीर झाला नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज गिटारवाला होता एका संमेलनात वाजवायला. ताईच्या कार्यक्रमालाही हाच आहे. बोटं सोन्याची, पण जीभ! रंगमंचावर पाय ठेवला की सुरू — “मला मीच ऐकू येत नाहीये.” त्याच्यासमोरचा मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणून पायाशी ठेवलेला स्पीकर, इतका मोठा केला होता की पहिल्या रांगेतल्या बाई पदर कानावर घेऊन बसल्या होत्या. तरी ऐकू येत नाही!

मग मी मिक्सरवरचा शेवटून दुसरा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचा सरकता दांडा, वर केला. अगदी हळूहळू, कपाळाला आठ्या घालून, त्याच्याकडे बघत. “हां, आता बरोबर,” म्हणाला.

त्या फेडरला काहीही जोडलेलं नाही. सुंठीवाचून खोकला गेला. या धंद्यात सगळेच करतात हे. मला ज्यांनी काम शिकवलं त्यांनी केबल गुंडाळायला शिकवायच्या आधी हे शिकवलं होतं. म्हणायचे, निम्म्या तक्रारी कानाच्या नसतात, पोटातल्या गोळ्याच्या असतात.

हसू आलं. पण घरी येईपर्यंत टिकलं नाही. आल्यावर कपाट आवरायला काढलं आणि अर्धवट टाकून बाहेर फिरायला गेले. काय होतंय मला?

१० फेब्रुवारी, मंगळवार

पहिली तालीम, ताईच्या घरी. सोफा भिंतीला सरकवलेला, कीबोर्ड जेवणाच्या टेबलावर, गिटारवाला खिडकीत. भाची सोफ्याच्या हातावर बसून मोबाइल बघत होती. भावोजी आत-बाहेर. ताई मधोमध ताठ उभी, हातात रिकामा पेला, माइकसारखा धरलेला.

खालचे सूर छान. आधीपेक्षा जाड झालेत, भरदार. मी सुटकेचा श्वास घेतला. मग तिसरं गाणं. दुसऱ्या कडव्यात ओळ वर चढते, ती चढली आणि आवाज मधोमध फाटला. अर्धा वारा, अर्धा सूर. कीबोर्डवाल्यानं हात उचलले. गिटारवाल्याला अचानक तार जुळवायची आठवण झाली. आम्ही बाकीचे फरशी बघत होतो.

“पुन्हा,” ताई म्हणाली.

पुन्हा तिथेच. पुन्हा एकदा म्हणाली, “पुन्हा.” तिसऱ्यांदा ओळ आरामात वर गेली — स्वच्छ, अशी की माझ्या अंगावर काटा आला. मग बघते तर सोफ्याच्या हातावरून भाची गात होती. मोबाइलमधून मान वरही न करता. आवाज थेट तिच्या आईचा! पंचवीस वर्षांपूर्वीची ताईच जणू. ताई तिच्याबरोबर ओठ हलवत होती, पण ऐकू येत होती ती मुलगी.

भावोजींनी चहा आणला, सगळ्यांनी चहाचं कौतुक केलं. चहा अगदी पांचट होता.

येताना बसमध्ये बसले आणि दोन थांबे पुढे गेले.

११ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभर तीच ओळ डोक्यात. नेमकी तिथेच फाटते.

१४ फेब्रुवारी, शनिवार

भावोजी सभागृह बघायला आले होते. पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेला माणूस, दोन्ही हात पाठीमागे बांधून माझ्या मिक्सरसमोर उभे राहिले. “एवढी बटणं तुला लक्षात राहतात?” मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. या घरातून पहिल्यांदा कोणी विचारलं.

म्हटलं, एवढी काही वेगवेगळी नाहीत. एकच ओळ समजली की सगळ्या समजतात. प्रत्येक माइकची एक उभी ओळ. ही सहा नंबर ताईची, सात नंबर भाचीची — ती मागे बसून प्रत्येक ओळीला साथीला गाणार आहे. सगळ्यात वर गेन, म्हणजे माइकमधून आवाज आत किती घ्यायचा. सगळ्यात खाली हा सरकणारा दांडा, फेडर, म्हणजे सभागृहात लोकांना किती द्यायचा. आणि मधली ही छोटी गोल बटणं कलाकारांच्या मॉनिटरसाठी.

“म्हणजे एक टाकी आणि दोन नळ,” भावोजी म्हणाले.

बरोब्बर! मला तर त्यांना उचलून नाचावंसं वाटलं. पुढे म्हणाले, “मग खालचा नळ बंद केला की वरच्याचं पाणी जाणार?” नाही जात, म्हटलं. मॉनिटरची लाइन फेडरच्या आधीच काढून घेतलेली असते. म्यूटचं बटण दाबलं तर सगळंच बंद. पण नुसता फेडर शून्यावर आणला तर लोकांना काही नाही आणि गाणाऱ्याच्या पायाशी मात्र धो धो. त्याला पत्ताच लागत नाही.

“अस्सं,” म्हणाले. मग सहा आणि सात नंबरच्या दांड्यांकडे बघत राहिले. मी आपली बडबडत होते, आवाजाचा पोत बदलणारा इक्वलायझर काय, हेडफोनमध्ये एकेकाला वेगळं कसं ऐकायचं काय. कोणी ऐकणारा मिळाला की मला ताळ राहत नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

वाटलंच होतं? नाही, अजिबात वाटलं नव्हतं. भावोजी आज पुन्हा आले. मी मिक्सरशी बसते त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसले, शेवटच्या रांगेत. समोर रिकामं सभागृह. रंगमंचाकडे बघतच बोलले.

“सहा नंबर खाली घेता येईल ना? आणि सात नंबर वर?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

“लोकांना मुलीचा आवाज, हिला हिचा. लांबून ओठ कोण बघतंय. दोघींचा आवाज सारखाच आहे.”

मी म्हटलं, भावोजी, ही फसवणूक आहे. म्हणाले, “मला माहीत आहे. ऑपरेशननंतर दीड वर्ष ती न्हाणीघरात नळ सोडून रडायची, ते तुला माहीत नाही. मला आहे. या वेळी लोकांसमोर पडली तर पुन्हा उभी राहणार नाही. एकदा सगळं सुरळीत होऊ दे. एकदा टाळ्या पडू देत. पुढचं पुढे बघू.”

“आणि तिला कळलं तर?”

“कसं कळेल? तूच म्हणालीस, पत्ताच लागत नाही.”

घ्या! फुशारकी मारावी आणि अशी गळ्यात यावी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी म्हटलं, बघू.

१८ फेब्रुवारी, बुधवार

‘बघू’ नाही, ‘नाही’ म्हणायचं होतं. तीनदा फोन हातात घेतला. तीनदा ठेवला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

भाची भेटायला आली. कॉलेजातून परस्पर, केस विस्कटलेले, भुकेली. दोन बिस्किटांचे पुडे संपवले तेव्हा कंठ फुटला.

“मावशी, बाबांनी तुला सांगितलंय ना?”

म्हणजे तिलाही सांगितलंय! मी विचारलं, तुला चालणार आहे का? खांदे उडवले. मग म्हणाली, “मी नाही म्हटलं आणि आई तिथे फाटली, तर ते माझ्यामुळे. हो म्हटलं तर ते तिचं गाणं मी ढापलं. सांग, काय चालणार आहे मला?”

एकवीस वर्षांची पोर. तिच्यावर आम्ही मोठ्यांनी काय टाकतोय! मला भावोजींचा राग आला, ताईचा आला, स्वतःचा तर आलाच. तिला म्हटलं, तू तुझी साथ दे, बाकी मिक्सरवर मी आहे.

जाताना दारात थांबली. “मी आईसारखं गाऊ की माझ्यासारखं?”

चपलेचा पट्टा नीट लाव, एवढंच म्हटलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

ताई जेवायला आली होती माझ्याकडे. आवाज जपायचा म्हणून कुजबुजत बोलते. आईला कानाचं मशीन लावूनही धड ऐकू येत नाही. एक कुजबुजतेय, दुसरीला ऐकू येत नाही, मधे मी ओरडून भाषांतर करतेय — शेजाऱ्यांना वाटलं असेल भांडणं चाललीत. आईचं आपलं एकच, “तिला सांग, गरम पाणी पी.” मी ताईला सांगितलं. ताई माझ्या समोरच बसली होती, तिला ऐकू आलेलंच होतं. पालथ्या घड्यावर पाणी.

आई झोपल्यावर ताई भांडी विसळायला आली. कधी येत नाही. बराच वेळ एकच ताटली घासत राहिली.

“आवाज तुटतो माझा. तुला ऐकू येतं ना?”

मी म्हटलं, थोडासा. एका ठिकाणी.

“तुटू दे,” म्हणाली. “तू मला खाली घेऊ नकोस. तुटला तर तुटलेला ऐकू दे लोकांना. मला आता घाबरायचा कंटाळा आलाय.”

सांगून टाकावं असं अगदी ओठांवर आलं. भावोजींचं, भाचीचं, सगळं. पण मग घरात काय झालं असतं? अठ्ठावीसचं काय झालं असतं? मी म्हटलं, नाही घेणार खाली.

तिनं ओल्या हातानं माझा गाल ओढला, लहानपणी ओढायची तसा. दुखला.

मी खरंच नाही घेणार. ठरलं. भावोजींना उद्या सांगते.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं. “ठीक आहे, तुझी बहीण आहे,” म्हणाले. फोन ठेवला. राग नाही, काही नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

२५ फेब्रुवारी, बुधवार

रंगमंचावर तालीम. सकाळपासून केबल. सहा नंबरच्या केबलची पिन सैल, हलली की खरखर. ती बदलली. फेडरच्या खालच्या पट्टीवर चिकटपट्टी लावून नावं लिहिली — ताई, भाची, गिटार, कीबोर्ड डावा, कीबोर्ड उजवा. अक्षर वाकडंतिकडं येत होतं. दोनदा सोलून पुन्हा लिहिली.

मग ताईच्या आवाजावर काम. इक्वलायझरचं एकेक बटण फिरवून बघत होते — वरचं थोडं कमी केलं, घोगरेपणा कमी होतोय का, मधलं थोडं उचललं, भरीव वाटतोय का. खूप वेळ घालवला. शेवटी मान डोलावली, वा. व्यवस्थापकही म्हणाले, “आता गोड लागला.” ताई रंगमंचावरून म्हणाली, “हो, फरक पडला.” आणि मग माझं लक्ष गेलं. सहा नंबरचा इक्वलायझर चालूच नव्हता! चालू करायचं बटण दाबलंच नव्हतं मी. इतका वेळ मी हवा फिरवत होते आणि सगळ्यांना फरक पडला होता. मलाही! इतकी वर्षं दुसऱ्यांना बिनवायरचा फेडर दाखवून हसते, आज स्वतःच फसले.

कोणाला सांगितलं नाही. गुपचूप बटण दाबलं, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तिसरं गाणं. फाटला. मोठ्या स्पीकरमधून फाटलेलं फार मोठं ऐकू येतं. ताई हसली, माइक ठेवून पाणी प्यायला आत गेली. किती वेळ आलीच नाही. भावोजी पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं नाही, पण मानेवरून कळतं माणसाचं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. जेवण गेलं नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

दुपार. सगळं लागलंय. सगळे माइक एकदा बोलून बघितले, ‘एक दोन एक दोन’ म्हणून माझाच घसा बसला. सहा नंबर वर. वरच राहणार. तिला शब्द दिलाय.

तिकिटं संपलीत. आईला पहिल्या रांगेत बसवायचंय.

१ मार्च, रविवार

लिहायला बसते आणि उठते. तिसऱ्यांदा बसलेय.

पडदा उघडला तेव्हा सहा नंबर वर होता. देवाशपथ वर होता. ताई निळ्या साडीत, मागे भाची खुर्चीवर, चेहरा पांढराफटक. सभागृह गच्च. ताईनं पहिला सूर लावायला श्वास घेतला, आणि सूर यायच्या आधी खाकरली. एवढंच. नुसती खाकरली. मोठ्या स्पीकरमधून ते खाकरणं सगळ्या सभागृहात गेलं, आणि चौथ्या-पाचव्या रांगेत कोणीतरी शेजारच्याकडे वळलं.

माझा डावा हात खाली गेला, उजवा वर. सहा खाली, सात वर. मी ठरवलं नाही. हातांनी ठरवलं — असं आज म्हणतेय, पण हात कोणाचे होते?

पहिलं गाणं लागलं. भाचीचा आवाज, काचेसारखा. आपल्या आईसारखंच गायली पोर. लोक सावरून बसले. आता, म्हटलं, या कडव्यानंतर सहा वर घेते. घेतला नाही. म्हटलं, दुसऱ्या गाण्याला. दुसरं गेलं. तिसऱ्याला तर प्रश्नच नव्हता. ती ओळ वर गेली आणि लोकांनी गाणं संपायच्या आतच टाळ्या दिल्या. मग कसला वर घेतेय! वर घ्यायचा म्हणजे दोन आवाज वेगळे कळणार, चोरी उघडी पडणार. एकदा खाली आलेला फेडर वर नेणं इतकं अवघड असतं, हे इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

हेडफोन गळ्यातच होते. एक बटण दाबलं असतं तर ताई एकटी ऐकू आली असती मला. नाही दाबलं. काय ऐकायचं? फाटलेलं? मला ते ऐकायचं नव्हतं, मला नुसतं हे संपायला हवं होतं. गिटारवाला नेहमीप्रमाणे खुणा करत होता की ऐकू येत नाही. त्याच्यासाठी खोटा फेडर वर केला. त्यानं अंगठा दाखवला.

शेवटी लोक उभे राहिले. ताई वाकून नमस्कार करत होती, गाल लाल, डोळे चमकत होते. भावोजी रडत होते, चष्मा पुसत. आईला उठवायला पुढे गेले, तर माझा हात धरून मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “आज हिचा आवाज लग्नाआधी होता ना, तस्सा लागला.” मी म्हटलं, हो आई.

भाची पटकन निघून गेली. ताई माझ्यापर्यंत आली, गर्दीतून वाट काढत. मला वाटलं काहीतरी बोलेल. नुसती खांद्यावर हात ठेवून उभी राहिली, मग कोणीतरी तिला ओढून नेलं.

मी शब्द मोडला. ताईला दिलेला. लिहून ठेवते, म्हणजे नंतर गोड करून सांगायला नको.

३ मार्च, मंगळवार

ताईचा फोन. “रेकॉर्डिंग दे ना.” आवाज खुशीत. मी म्हटलं, देते, थोडं साफ करायचंय.

साफ काय करणार, कपाळ. आमच्या मिक्सरमधून सभागृहाचं रेकॉर्डिंग वेगळं होतं आणि प्रत्येक माइकचंही वेगळं होतं — फेडर कुठे का असेना. सभागृहाचं दिलं तर ते भाचीचं गाणं, ताई एक ओळ ऐकली की ओळखेल. दुसरं काही द्यायचं तर सहा आणि सात पुन्हा जुळवायला हवेत. म्हणून दुपारी सभागृहात कोणी नसताना सहा नंबर एकटा लावला. किती ठिकाणी फाटलंय, किती ठिकाणी भाचीला वर घ्यावं लागेल ते बघायला कागद-पेन घेऊन बसले.

कागद कोरा राहिला.

कुठेच फाटला नाही! खाकरली, आणि मग पहिल्या गाण्यात दोन-तीन ओळी जरा जपून, चाचपडत. आणि मग काहीतरी सुटलं. ती गायला लागली. तिसऱ्या गाण्यातली ती ओळ — ती जुन्या पद्धतीनं चढलीच नाही. खालून, या नव्या जाड आवाजानं, सावकाश गेली वर, आणि वर जाऊन थांबली. भाचीसारखी काचेची नाही. पंचवीस वर्षांपूर्वीचीही नाही. असं मी तिला कधीच ऐकलं नव्हतं. कोणीच ऐकलं नव्हतं. सगळं सभागृह समोर बसलं होतं आणि कोणीही ऐकलं नाही, कारण मी खाली घेतलं होतं तिला.

पूर्ण दोन तासांचं ऐकलं. व्यवस्थापक आले, मला रडताना बघून परत गेले.

४ मार्च, बुधवार

भावोजींना सांगितलं. विचारलं, “चांगलं गायली?” म्हटलं, हो. “किती चांगलं?” मला सांगता येईना. म्हणाले, “आता उकरून काढू नकोस. ती खूश आहे.” आणि लगेच, “मला ऐकवशील?”

मी म्हटलं, आधी तिला.

५ मार्च, गुरुवार

जायचं म्हणून निघाले, कोपऱ्यावरून परत आले. उद्या नक्की. बोलणार, हात जोडणार, तिनं थोबाडीत मारली तर खाणार.

६ मार्च, शुक्रवार

गेले. ती एकटीच होती. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, “खाली घेतलं होतंस ना मला?” मग म्हणाली, “पहिल्याच गाण्यात कळलं. पायाशी मी, आणि सभागृहाच्या मागच्या भिंतीवरून परत येतेय ती आपली पोर. तीस वर्षं गातेय गं मी. आधी वाटलं, थांबावं, निघून जावं. मग म्हटलं, चला, आज कोणीच ऐकत नाहीये. घाबरायचं कोणाला? आणि गळा सुटला बघ माझा.”

मी तिच्या शेजारी बसले.

“कोणीच म्हणजे, तू सोडून. तुझ्या कानाला ते हेडफोन असतात. म्हटलं, ही ऐकतेय ना, मग हिच्यासाठी गाऊ या.” माझा हात हातात घेतला. “ऐकलंस ना?”

मी हो म्हटलं.